आयर्विनला पाणी किती झालं ओ?

मागच्या अंकात मी चारच ओळी लिहिलेल्या, की कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात रस्त्याकडेला झोपाळे लावतात आणि त्यावर अनोळखी माणसं एका लयीत झुलली की गाणं वाजतं. त्यावर एवढी पत्रं आली, एवढे मेसेज आले, की या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते, कुणी रागावू नका.

प्रश्न: ताई, मी लातूरची, वर्ष झालं विश्रामबागला रूम करून राहते. नोकरी चांगली आहे पण खरं सांगू का, ऑफिस सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी ऑफिस लागेपर्यंत माझ्याशी कोणच बोलत नाही. मेसच्या मावशी ‘भाजी वाढू का’ विचारतात तेवढंच. ते झोपाळ्याचं वाचलं, मग व्हिडिओपण बघितले. असल्या गोष्टींनी माणसं खरंच बोलायला लागतात का हे सगळं रीलपुरतंच असतं? आणि आपल्या सांगलीत असलं काय होईल का? — विश्रामबागची एक वाचक

उत्तर: अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘आपल्या सांगलीत’ असं लिहिलंयस तू, वर्षभर कुणी बोललं नाही तरी आपल्या म्हणालीस, ते फार लागलं मला.

आधी झोपाळ्यांचं सांगते, कारण त्यात एक बारीक गंमत आहे जी व्हिडिओत नीट कळत नाही. २०११ च्या वसंतात ते पहिल्यांदा लावले, एकवीस झोपाळे, डेली तू ले जूर नावाच्या तिथल्याच स्टुडिओनं केलेले. प्रत्येक झोपाळ्याला त्याचा त्याचा सूर आहे. तू एकटी बसून झुललीस तर तुझा तेवढाच सूर वाजणार, टिंग टिंग. पण शेजारचा माणूस तुझ्या लयीत आला की तेव्हाच सुरावट उघडते, जी एकट्यानं कितीही जोरात झोका घेतला तरी ऐकू येत नाही. आणि हे ठरवायला त्यांनी संगीतकाराबरोबर प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणारा एक शास्त्रज्ञपण घेतलेला, म्हणजे माणसं एकमेकांशी जुळवून कधी घेतात हा त्यांचा खरा प्रश्न होता. मग काय होतं, शेजारी कोण आहे ते बघावंच लागतं, त्याचा झोका पुढं चाललाय का मागं ते बघावं लागतं, आणि बघितलं की हसू येतंच. बोलायची पहिली पायरी तीच.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट नावाचे एक गृहस्थ होते, १९७० च्या दशकात त्यांनी शहरातल्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं कुठं बसतात, कुठं थांबतात, कधी बोलतात ते नुसतं बघितलं, वर्षानुवर्षं. १९८० ला त्यावर पुस्तक आलं. त्यांनी असं टिपलं की दोन अनोळखी माणसं सरळ एकमेकांकडं बघून बोलत नाहीत, मधे तिसरं काहीतरी लागतं. रस्त्यावर कुणी वाजवत असेल, एखादं विचित्र शिल्प असेल, मग ती जुनी ओळख असल्यासारखी बोलतात. त्यांनी त्याला त्रिकोणाच्या हिशोबाचं नाव दिलंय पण आपल्याकडं त्याला सरळ सोपा शब्द आहे, निमित्त.

आणि सांगलीला निमित्त कसं चालतं ते तुला पुढच्या जुलैत बघायला मिळेल. पाऊस लागला, कोयनेतनं पाणी सोडलं की आख्खी सांगली एकच प्रश्न विचारते, ‘आयर्विनला पाणी किती झालं ओ?’ कृष्णेवरचा १९२९ चा पूल तो, त्याच्याजवळ फुटांची पट्टी आहे, चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलेलं. तिथं काठावर माणसं उभी असतात, डॉक्टर असतो, हमाल असतो, शाळेची पोरं असतात, कोण कुणाच्या ओळखीचं नसतं आणि सगळी बोलत असतात, की काल रात्री एवढं होतं, तासात एवढं चढलं, तुमच्या गल्लीत आलं का. ती पट्टी काय कुणी कलाकारानं कला म्हणून केलेली नाही, पण माणसांना बोलतं करायचं काम ती करते, आणि मला तरी ते सगळ्यात खरं वाटतं कारण तिथं प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

आता तुझा खरा प्रश्न, यानं एकटेपणा जातो का. नाही गं, एका संध्याकाळीत नाही जात. झोपाळ्यावर मैत्रीण मिळत नाही, तोंडओळख मिळते. पण तोंडओळख ही लहान गोष्ट नाहीय. बाहेरगावी पहिल्यांदा कुणीतरी लांबनं मान हलवतं ना, त्या दिवशी ते गाव आपलं व्हायला लागतं. माझं लग्न होऊन मी इथं आले तेव्हा गणपती मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी मला पहिल्यांदा ‘काल आली नाहीस ती’ असं विचारलेलं, त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते, बरं वाटून.

तेव्हा सांगलीत झोपाळे येईपर्यंत तू एक कर. तुझ्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी मीटरच्या पेट्या असतील बघ, तिथं एक कागद चिकटव, मोठ्या अक्षरात लिही, ‘मी लातूरची, वरच्या मजल्यावर राहते. इथं चांगली भाकरी कुठं मिळते?’ आणि खाली दोऱ्यानं पेन बांधून ठेव. रूम नंबर, फोन नंबर अजिबात घालू नकोस. चार दिवस थांब. सांगलीच्या माणसाला खाण्याचा रस्ता विचारला आणि तो गप्प बसला असं होत नाही. काय उत्तरं आली ते मला कळव, वाट बघते.

प्रश्न: आमचं तरुण मंडळ आहे, चौकात. या वर्षी वर्गणीतनं पैसे उरलेत, डॉल्बी नको असं ठरलंय. काहीजण म्हणतात ‘आय लव्ह’ असं लिहिलेला सेल्फी पॉइंट करूया, मी म्हणतो असलं काहीतरी करू की माणसं एकत्र येतील. एक रिकामी भिंतपण आहे, घर बंद आहे पण मालक ओळखीचे आहेत. काय करता येईल, खर्च किती, ते सांगा. — एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर: दादा, डॉल्बी नको ठरवलंत, त्याबद्दल आधी तुमच्या सगळ्या पोरांना मनापासून शाबासकी.

सेल्फी पॉइंट नको, स्पष्टच सांगते. तिथं माणूस येतो, पाठ फिरवतो, स्वतःचाच फोटो काढतो आणि जातो. फोटो काढायचा नाद वाईट नाही, पण दोन माणसं तिथं आली तर एकमेकांच्या फ्रेममधनं बाजूला व्हायला सांगतात, आपल्याला उलटं पाहिजे. शिकागोत एक कारंजं आहे, २००४ चं, हौमे प्लेन्सा नावाच्या स्पॅनिश कलाकाराचं. काचेच्या विटांचे दोन पन्नास फुटी मनोरे समोरासमोर, त्यावर शहरातल्याच साधारण हजार साध्या माणसांचे चेहरे आलटून पालटून दिसतात आणि मधेच तो चेहरा ओठांचा चंबू करतो आणि तोंडातनं पाण्याची धार सोडतो. खाली पोरं वाट बघत थांबतात, आता सोडणार, आता सोडणार. सगळ्यांनी मिळून एका क्षणाची वाट बघणं, हे आपल्या हलत्या देखाव्यासमोर होतंच की, राक्षस कधी पडतोय म्हणून पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघतात तसं.

पण तुमच्याकडं भिंत आहे ना, मग फळा करा. काळा फळा, खडूचा.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर आहे, २००५ ला तिथं कॅटरिना वादळानं बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तिथं कँडी चँग नावाची कलाकार राहायची. तिचं एक अगदी जवळचं, आईसारखं माणूस गेलं आणि ती त्या दुःखात बरेच दिवस होती. २०११ ला तिनं तिच्या वस्तीतल्या एका पडक्या बंद घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग लावला आणि साच्यानं एकच वाक्य पुन्हा पुन्हा छापलं, ‘मरायच्या आधी मला … करायचंय’, मधे रिकामी जागा. खडू ठेवले. दुसऱ्या दिवशी भिंत भरलेली, जागा संपून कडेकडेनं लिहिलेलं. आता अशा पाच हजाराच्या वर भिंती जगात झाल्यात, सत्तरहून जास्त देशांत. आणि तिनं ते चोरून केलेलं नाही, घरमालकाची, शेजाऱ्यांची, शहराच्या समितीची परवानगी काढून केलेलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या गल्लीत आम्ही एकदा हौसेनं न विचारता एक भिंत रंगवलेली आणि आठव्या दिवशी त्यावर चुना फासला गेला, पोरं हिरमुसली. मालकाचं पत्र लेखी घ्या, भिंत सरकारी असेल तर महापालिकेची परवानगी घ्या, १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे राज्यात.

आता काम कसं करायचं. भिंतीचे पोपडे खरवडून काढा, लांबी (पुट्टी) भरा, घासा, प्रायमर मारा, मग फळ्याचा काळा रंग दोन हात, मधे नीट वाळू द्या. घाई करू नका. रंग वाळला की लगेच लिहायला देऊ नका, खडू आडवा धरून आख्खा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्यानं पुसा, असं नाही केलं तर पहिली अक्षरं कायमची उमटून बसतात, शाळेतल्या शिपाई मामांना विचारा ते सांगतील. ओळी वेगवेगळ्या उंचीला करा, काही अगदी कमरेच्या खाली, म्हणजे लहान पोरांचा आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचापण हात पोचेल. वर पत्र्याची छोटी पडवी असली तर उत्तम, नाहीतर दिवाळीला सुरू करा आणि मेपर्यंत चालवा, पावसात खडू टिकत नाही. खर्चाचं म्हणाल तर तुमचा रंगारीच आकडा सांगेल पण डॉल्बीच्या एका रात्रीपुढं तो काहीच नसणार.

वाक्य काय लिहायचं ते सगळ्यात महत्त्वाचं. ‘मरायच्या आधी’ आपल्याकडं चौकात लिहिलं तर आज्या म्हणतील कशाला ओ असलं अभद्र, आणि त्यांचं चुकणार नाही. तिचं वाक्य तिच्या दुःखातनं आलेलं, आपलं आपल्यातनं आलं पाहिजे. मी बरेच दिवस विचार करतेय आणि मला असं वाटतं की सांगलीच्या फळ्यावर हे लिहावं, ‘पुरात मला … नं हात दिला’. बघा तुम्ही, लोक काय काय लिहितील. बोटीतनं काढणारा कोण होता ज्याचं नावच माहीत नाही, वरच्या मजल्यावर आठ दिवस ठेवून घेणारी शेजारीण, लांबच्या गावातनं भाकरी घेऊन आलेली पोरं. २००५, २०१९, २०२१, तीन पूर बघितलेली माणसं आहेत ही. यातली कितीतरी नावं कुणी कुणाला आजवर सांगितलेली नाहीत, आणि ज्यानं हात दिला तो कदाचित त्याच चौकातनं रोज जात असेल.

अजून दोन गोष्टी. खडू थोडेच भिंतीपाशी ठेवा, बाकीचा डबा समोरच्या दुकानात. म्हणजे माणूस तिथं जाऊन ‘खडू आहे का ओ’ विचारेल, झालं बोलणं सुरू. आणि रोज संध्याकाळी फळा बघायला एक माणूस नेमा, नावानिशी, आठवड्याची पाळी लावा. घाण लिहिलं जाणार, जातीवरनं लिहिलं जाणार, कुठल्यातरी मुलीचं नाव लिहिलं जाणार, ते दहा मिनिटाच्या आत पुसलं गेलं पाहिजे. भरलेल्या फळ्याचा फोटो काढायचा, मग पुसायचा, परत रिकामा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर अशा गोष्टी रंगावाचून बंद पडत नाहीत, रोज बघणारं माणूस नसलं की बंद पडतात.

प्रश्न: आमच्या वेळी कट्ट्यावर माणसं आपोआप बोलायची. त्याला कला कशाला लागते? आधी बसायला जागा द्या म्हणावं. — एक आजोबा, गावभाग

उत्तर: आजोबा, शंभर टक्के बरोबर. वर ज्यांचं लिहिलंय त्या व्हाइट साहेबांनी इतकी वर्षं कॅमेरे लावून जे काढलं त्यातलं एक मुख्य हेच, की माणसं तिथंच बसतात जिथं बसायला जागा असते. ऐकायला सोपं वाटतं पण तेवढंच कुणी करत नाही. त्यांना असंपण दिसलं की सुटी खुर्ची असली की माणूस बसायच्या आधी ती इंचभर का होईना सरकवतोच, जागा आपली करून घेतो. आपल्याकडं दुकानाच्या पायरीवर कुणी बसू नये म्हणून लोखंडी टोकं लावलीत ती बघितली की माझा जीव तुटतो. मंडळाच्या पोरांनो, वाचताय ना? फळ्यासमोर दोन बाक, सावलीत, एकमेकांकडं थोडे वळवून. आणि आजोबा, फळ्यावर पहिली ओळ तुम्ही लिहा. गावभागातला जुना पूर तुमच्याएवढा कुणाला आठवणार?

प्रश्न: नमस्कार. आमचं मिरजेत तंतुवाद्याचं काम, चार पिढ्या. परदेशात रस्त्यावर पियानो ठेवतात आणि कुणीपण वाजवतं, ते बघितलं. आम्ही एक सतार देऊ शकतो स्टेशनसमोर ठेवायला. चालेल का? — एक कारागीर, मिरज

उत्तर: दादा, तुम्ही सतार द्यायला निघालात, हात जोडते तुम्हाला.

ते पियानोचं इंग्लंडातलं आहे, ल्यूक जेरम नावाच्या कलाकाराचं. तो एका लॉन्ड्रीत कपडे धुवायला जायचा, दर शनिवार-रविवारी तीच तीच माणसं समोर, मशीन फिरतंय तेवढा वेळ सगळी गप्प. त्याला वाटलं इथं पियानो ठेवला तर? २००८ ला बर्मिंगहॅममध्ये पंधरा पियानो ठेवले, वर लिहिलं ‘वाजवा मला, मी तुमचाच’. पुढं जगभर सत्तर शहरांत ते गेलं.

पण सतार, मला वाटतं, नको. तुम्हाला मी सांगायला नको पण वाचकांसाठी लिहिते. पियानोची पट्टी लहान पोरानं दाबली तरी सूर नीटच निघतो. सतारीला बोटं तयार लागतात, तारा वीसेक, नवख्याच्या बोटाला कापतात, पडदे सरकतात, एकानं ओढली की पुढच्याला बेसूर. पंढरपूरकडनं आणलेला भोपळा, किती दिवस वाळवलेला, तो गर्दीत एका धक्क्यानं फुटला तर तुमच्याच जिवाला लागेल.

त्यापेक्षा तंबोरा ठेवा. चारच तारा, एकानंतर एक छेडायच्या, त्यात चूक करायला जागाच नाही. ज्याला काही येत नाही तोपण वाजवू शकतो आणि ज्याला गाता येतं तो शेजारी उभा राहून सा लावू शकतो. म्हणजे बघा, एकट्यानं अर्धंच होतं, दुसरा आला की पूर्ण, अगदी त्या झोपाळ्यांसारखं. उघड्यावर ठेवू नका, हवा लागली की तारा उतरतात, तुमच्या दुकानाच्या ओट्यावर ठेवा, संध्याकाळी दोन तास, तुमच्यातलं कुणीतरी शेजारी. आलेल्याला घोडीवर तारेखाली असतं ते जवारीचं सूत थोडं सरकवून दाखवा, एवढ्याशा दोऱ्यानं तार कशी बोलायला लागते ते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, पण मिरजेतल्याच किती जणांनी तंबोऱ्याला हात लावलाय? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत दर्ग्यात संगीत सभा होते तेव्हा अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून रात्र काढतातच, ती सवय गावात आहे, तिला फक्त रोजची जागा पाहिजे. तुम्ही ठरवलंत तर मी पहिल्या दिवशी येते, सा लावायला नाही, छेडायला.

प्रश्न: हे सगळं वाचायला छान आहे, पण माझी मुलगी अकरावीला आहे. अनोळखी माणसांशी बोला म्हणून आपण मुलींना कसं सांगायचं? परदेशात तो स्क्रीन लावलेला तिथं लोकांनी काय काय केलं ते मी वाचलंय. — एक आई, सांगली

उत्तर: ताई, तुमची भीती खरी आहे, ती बाजूला सारून पुढं जाता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०२४ च्या मे महिन्यात डब्लिन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एकेक मोठा गोल पडदा लावलेला, इकडची माणसं तिकडं दिसायची, जिवंत, आवाज नाही. पहिले काही दिवस माणसं हात हलवत होती, नाचत होती, आणि मग काहींनी अंग उघडं केलं, काहींनी नको ती चित्रं दाखवली, आठवड्याभरात बंद करावं लागलं. पुन्हा सुरू केलं ते ठराविक वेळेपुरतं, आणि कुणी कॅमेऱ्याला फार जवळ गेलं की चित्र धूसर होईल अशी सोय करून. पण याच्या जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं आधी, १९८० च्या नोव्हेंबरात, किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या दोघांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधे तीन संध्याकाळी असंच केलेलं, माणसाच्या उंचीची चित्रं, आवाजासकट, कसलीच पाटी न लावता. पहिल्या दिवशी येणारे जाणारे चकित झाले, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत बातमी पसरून वर्षानुवर्षं न भेटलेली घरची माणसं दोन टोकांना येऊन उभी राहिली. तेव्हा दोष पडद्याचा नाही. १९८० ला तीनच संध्याकाळी होत्या, डब्लिनला रात्रंदिवस चालू ठेवलेला, माझ्या मते हाच मोठा फरक.

म्हणून मी सगळ्यांना वर तेच सांगत आलेय, उजेड, ठराविक वेळ, समोर उघडं दुकान आणि एक जबाबदार माणूस. मुलीला ‘अनोळखी माणसांशी बोल’ असं सांगूच नका. तिला फळ्यापाशी घेऊन जा, तुम्ही बरोबर, आणि तिला एवढंच सांगा की इथं तू तुला वाटलं तर लिही, नाव लिहायचं नाही, नंबर द्यायचा नाही, आणि कुणी बोललं आणि तुला नको वाटलं तर उत्तर न देता निघून यायचं, त्यात उद्धटपणा काही नाही. आज आपल्या मुली चौकातनं मान खाली घालून भराभर चालत जातात, चौक पोरांचा आणि पुरुषांचा, असं धरूनच चाललोय आपण. एखाद्या संध्याकाळी तिथं पाच आया, दोन आज्या, चार शाळकरी मुली खडू घेऊन उभ्या असतील तर चौक वेगळा दिसेल की नाही, तुम्हीच सांगा. मंडळाच्या दादांना मी कळवलंय की पाळीच्या यादीत निम्मी नावं बायकांची पाहिजेत. त्यांचा होकार आलाय. तुमचं नाव घालू का?